उंची मोजता येत नाही तेव्हा

माणसाचा देह त्याच्याच साडेतीन हातांचा, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसच्या हिशेबात पाऊल उंचीच्या सहाव्या हिश्शाएवढे आणि पसरलेल्या दोन्ही हातांचा वाव उंचीइतकाच. लिओनार्दोने 1490च्या सुमारास हे प्रमाण चित्रात उतरवले. देहाचे प्रमाण ठरलेले आहे, एक अवयव मोजला की सगळा माणूस कळतो, हा विश्वास फार जुना आहे.

त्याला पहिला खरा धक्का संख्याशास्त्राने दिला. 1888 मध्ये फ्रान्समधल्या लिऑन शहरी एटियेन रोले यांनी शंभर मृतदेहांची उंची आणि हाडे मोजून ठेवली होती. त्या आकड्यांवरून कार्ल पिअर्सन यांनी 1899 मध्ये उंचीची सूत्रे बांधली. आता उत्तराबरोबर चुकीची मर्यादाही सांगावी लागू लागली. मला हा बदल सूत्रांहून मोठा वाटतो.

पण ती सूत्रे वाढ पुरी झालेल्या माणसांची. मुलांचे काय? तान्ह्या बाळाचे डोके उंचीच्या चौथ्या हिश्शाएवढे असते, प्रौढाचे साधारण आठव्या. वयात येताना आधी पावले वाढतात, मग पाय, धड सर्वांत शेवटी. चपला आखूड होतात, पँट घोट्याच्या वर जाते, आणि उंचीचा वेग मुलींत बाराव्या, मुलग्यांत चौदाव्या वर्षाच्या आसपास शिखरावर येतो. या काळात कोणतेच प्रमाण स्थिर नसते.

आणि नेमक्या याच वयात अंदाजाची गरज पडते. फुप्फुसांची क्षमता किती असायला हवी, हे उंचीवरून ठरवतात. कणा वाकलेल्या मुलीची उभी उंची घेतली, तर ती कमी भरते. तिच्याकडून अपेक्षाही मग कमी धरली जाते आणि आजारी फुप्फुसे कागदावर निरोगी दिसतात. व्हीलचेअरवरच्या मुलाला तर उभेच करता येत नाही.

मेलबर्नच्या संशोधकांनी 2004 मध्ये 5 ते 19 वर्षांच्या दोन हजारांहून अधिक निरोगी मुलांच्या कोपर ते मनगट या हाडावरून सूत्र काढले, आणि त्यात वयही घातले. त्या सूत्रानुसार हाड 24 सेंटिमीटरचेच असले, तरी 11 वर्षांच्या मुलाची उंची सुमारे 153 सेंटिमीटर येते, 14 वर्षांच्याची सुमारे 157. साडेतीन हातांच्या हिशेबात वयाला जागाच नव्हती.

मात्र ते हात ऑस्ट्रेलियन मुलांचे. धड आणि हातापायांचे प्रमाण समाजागणिक बदलते, म्हणून परके सूत्र आपल्या मुलांना तपासल्याशिवाय लावू नये. 5 ते 18 वयाच्या भारतीय मुलांचे वाढीचे तक्ते 2015 मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नव्याने दिले. अवयवांच्या मापांचीही तशीच नोंद हवी. शाळेच्या आरोग्य तपासणीत उंची-वजन घेतलेच जाते. शिक्षकांनी आणि डॉक्टरांनी त्याच वेळी कोपर ते मनगट आणि टाच ते गुडघा ही दोन मापेही लिहून ठेवावीत. जी मुले उभी राहू शकत नाहीत, त्यांच्या उपचारांसाठी ती लागणार आहेत.