खरूज, इसब आणि वेगळा ग्लास

माझ्या हातांना इसब आहे. सूतगिरणीत मशीनचं तेल, वर हात धुवायला सोडा. बोटांची कातडी फाटते, लस येते, खपली धरते. कँटीनात एकानं माझा ग्लास बाजूला ठेवला. म्हणाला, ‘राग मानू नको, खरूज पसरते.’ दोस्तांनो, ग्लास बाजूला ठेवायची यांची सवय किती पिढ्यांची, ते तुम्हाला सांगायला नको. मी तिथंच भांडलो. पण रात्रपाळीभर प्रश्न डोक्यात भुणभुणत राहिला. समजा, खरंच खरूज असती, तर त्याचं बरोबर ठरलं असतं काय?

आधी नावं उलगडू. एक्झिमा हा ग्रीक शब्द. अर्थ, उकळून बाहेर येणं. दूध उतू जातं तसं कातडीतून काहीतरी उतू जातंय, असं त्या लोकांना वाटलं. स्केबीज लॅटिन, ‘खाजवणे’ या क्रियापदातून. आपली खरूज संस्कृत ‘खर्जू’पासून, म्हंजे पुन्हा खाजच. बघा, नावात कारण कुठंच नाही. त्या रिकाम्या जागेत वैद्य-डॉक्टर शतकानुशतकं ‘रक्त बिघडलंय’ हेच भरत राहिले. रक्त बिघडलं म्हटलं की माणूसच बिघडला. ही भाषा आपल्या ओळखीची आहे.

खरजेचं कारण सापडलं कुणाला? १६८७ साली इटलीत बोनोमो नावाच्या डॉक्टरानं एक पत्र लिहिलं. गरीब बाया खरजेनं बेजार पोरांच्या कातडीतून टाचणीच्या टोकानं बारीक काहीतरी काढतात नि नखावर चिरडतात. लिव्होर्नोच्या बंदीखान्यातले गुलामही एकमेकांची अशीच सेवा करतात. त्यानं ते भिंगाखाली धरलं, तर जिवंत किडा! पण पुढची दीडशे वर्षं बड्या डॉक्टरांना ते पटेना. १८३४ साली पॅरिसच्या इस्पितळात रेनुची या विद्यार्थ्यानं सुईनं किडा काढून दाखवला, तेव्हा तोंडं बंद झाली. तो कॉर्सिका बेटाचा. ही कला त्यानं तिथल्या गरीब बायांचीच बघितलेली. ज्ञान टाचणीच्या टोकावर होतं, मान पॅरिसला मिळाला. असो.

तर इसब हा कातडीचा आपलाच दाह. माझ्या हाताला हात लावून तो कुणाला होणार नाही. खरजेची मादी मात्र कातडीत बीळ करून अंडी घालते. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला, जांघेत. रात्री खाज वाढते, घरातले दोघं-तिघं खाजवायला लागतात. ती पसरते, पण कातडीला कातडी बराच वेळ लागली तर. ग्लासानं नाय. म्हंजे तो बाबा दोन्हीकडून चुकला.

पण आपणही चुकलो. शिबिरात एका पोराच्या बेचक्यांत पुरळ होतं. आपण शिवाशिव मानत नाही, म्हणून कुणी विचारलं नाही. लाजून तोही बोलला नाही. त्यानं माझंच इसबाचं स्टिरॉईड मलम चोळलं. खाज दबली, किडे सुखात. सगळे एका सतरंजीवर झोपलो. पहिल्या वेळी खाज सुटायला चार ते सहा आठवडे जातात. महिन्याभरानं आम्ही सातजण खाजवत होतो. समतेच्या नावाखाली आपण त्याचं दुखणं बघितलंच नाही, ही कसली मैत्री?

बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये एक भेद केलाय. जन्म-मृत्यूचा विटाळ अनेक समाजांत होता, पण तो तात्पुरता, शुद्धीनं संपणारा. हिंदूंची अस्पृश्यता जन्मभराची, वंशपरंपरेची. मला कसोटी तिथं सापडते. खरजेवाल्याला ‘आज वेगळा झोप’ म्हणता येतं, कारण त्याला कारण आहे, हद्द आहे, आणि म्हणणाऱ्यालाही औषध लावावं लागतं.

आम्ही तेच केलं. पर्मेथ्रिनचं मलम, गळ्यापासून तळपायापर्यंत, सातही जणांनी नि घरच्यांनी, खाज नसलेल्यांनीसुद्धा, एकाच रात्री. आठवड्यानं पुन्हा. चादरी-कपडे कढत पाण्यात. किडे मेल्यावरही दोन-तीन आठवडे खाज राहते, तेव्हा कुणी घाबरू नका. माझ्या फाटक्या बोटांची त्या मलमानं आग आग झाली, तरी लावलं. कँटीनात माझा ग्लास अजून वेगळाच असतो.