न आलेलं उत्तर

बीबीसीने १९८७ साली ‘फोर्टीन डेज इन मे’ हा माहितीपट दाखवला. मिसिसिपीच्या तुरुंगात मृत्युदंड झालेल्या एडवर्ड अर्ल जॉन्सनच्या अखेरच्या दोन आठवड्यांचा. तो पाहून अस्वस्थ झालेल्या जॅन एरियन्स यांनी तिथल्या कैद्यांना पत्रं लिहिली आणि १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये कैद्यांना पत्रं लिहिणारी ‘लाइफलाइन्स’ ही संस्था सुरू झाली. आज अनेक देशांत अनोळखी माणसं कैद्यांना अशी पत्रं लिहितात.

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेली माझी एक मैत्रीण अशाच एका उपक्रमातून अमेरिकेतल्या एका कैद्याला लिहिते. ती पानभर लिहिते, त्याचं उत्तर येतं: ‘मिळालं. बरा आहे.’ कधी तेवढंही नाही. परवा फोनवर ती दुखावल्या स्वरात म्हणाली, ‘दोन ओळी लिहायला इतकं काय जड जातं गं?’

जड जातं. तिथल्या पुष्कळ तुरुंगांत संदेश आता टॅब्लेटवरून जातात आणि पाठवायचा तर ‘स्टॅम्प’ विकत घ्यावा लागतो. टेक्सस, जॉर्जिया, अलाबामा इथे तर तुरुंगातल्या बहुतेक कामाला मजुरीच नाही. शिवाय लिहिलेला शब्द न् शब्द अधिकारी वाचू शकतात. आईच्या आजारपणाबद्दल, भीतीबद्दल अशा तिसऱ्या नजरेसमोर कोण मोकळेपणाने लिहील?

पण पैसे असते, पहारा नसता, तरी त्याने लिहिलंच पाहिजे असं मला वाटत नाही. उठायचं कधी, जेवायचं कधी, दिवा कधी मालवायचा, सगळं दुसरे ठरवतात. गप्प राहणं तेवढं त्याच्या हाती उरलंय. आपल्या चांगुलपणाची पोच म्हणून तेही मागायचं? पश्चात्ताप, कृतज्ञता, गुन्ह्याची हकिकत यांतलं काहीही तो आपल्याला देणं लागत नाही. ज्यांचं माणूस त्याच्यामुळे गेलं असेल, त्यांचं देणं निराळं आहे आणि खरं आहे. ते वसूल करायला मात्र आपल्याला कुणी नेमलेलं नाही.

मैत्रिणीने एकदा पिठलं कसं करते ते लिहिलं होतं. त्यावर त्याने विचारलं, ‘कांदा लाल व्हायला किती वेळ लागतो?’ तिने तत्परतेने कळवलं. पुढे पुन्हा शांतता. ‘आता थांबवू का?’ तिने मला विचारलं. मी म्हटलं, लिहीत राहा, फक्त शेवटचं ‘उत्तराची वाट पाहते’ तेवढं गाळ. त्याला नकोच असेल तर तसं स्पष्ट सांगायची मुभा दे आणि त्याने सांगितलं तर थांब.