काटे काढलेला घास



‘फिश पाय’ म्हटले की मुले हसतात. माशाला पाय कुठून आले? हा पदार्थ इंग्लंड-आयर्लंडमधल्या घरांतला. तिकडे नोकरीला गेलेल्या आपल्या मुलामुलींनी तो आता इकडच्याही काही घरांत आणला आहे.

कृती साधी आहे. पाच-सहा माणसांसाठी पाऊण किलो मासा अर्धा लिटर दुधात मंद आचेवर दहा मिनिटे शिजवायचा. तिकडे कॉड किंवा हॅडॉक घेतात. आपल्याला रावस, सुरमई चालते. मासा बाहेर काढून त्याची साल आणि काटे काढायचे. ५० ग्रॅम लोण्यात ५० ग्रॅम मैदा परतून त्यात तेच दूध थोडे थोडे ओतायचे, गुठळ्या होऊ द्यायच्या नाहीत. दाटसर झाले की त्यात मीठ, मिरपूड, मटार, उकडलेली अंडी आणि मासा घालून भांड्यात पसरायचे. वर एक किलो उकडून कुस्करलेल्या बटाट्यांचा थर द्यायचा आणि ओव्हनमध्ये २०० अंशांवर अर्धा तास, रंग सोनेरी येईपर्यंत भाजायचे.

यातले किचकट काम एकच, काटे काढण्याचे. कालवणातला मासा आपण आपापल्या ताटात निवडून खातो. पायमध्ये मासा बटाट्याखाली झाकलेला असतो, खाणाऱ्याला काटा दिसतच नाही. म्हणून रांधणाऱ्याने आधीच एकेक तुकडा सोडवून बोटांनी चाचपायचा असतो. डोळ्याला न दिसणारा काटा बोटाला लागतो. मग लहान नातवंड आणि दात गेलेले आजोबा बिनधास्त घास घेतात. कोणी किती वेळ बसून काटे काढले, हे त्यांना कळतही नाही.

संत थॉमस अक्वायनस तेराव्या शतकात ॲरिस्टॉटलचा आधार घेऊन सांगून गेले, की प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हे वाक्य फार मोठे वाटते. स्वयंपाकघरात पाहिले तर ते रोज कोणीतरी न बोलता जगत असते.

आता संत योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय आठवू या. शिष्य रात्रभर समुद्रात राबले, हाती काही लागले नाही. पहाटे किनाऱ्यावरून कोणीतरी जाळे उजवीकडे टाकायला सांगितले आणि १५३ मोठे मासे मिळाले. किनाऱ्यावर येतात तर पुनरुत्थित प्रभूने कोळशाचा विस्तव पेटवून त्यावर मासळी ठेवलेली, जवळ भाकर. मृत्यूवर विजय मिळवलेला प्रभू थकलेल्या माणसांसाठी न्याहारी रांधत होता!

कोळशाचा असा विस्तव याच शुभवर्तमानात आधी एकदा येतो. प्रमुख याजकाच्या वाड्यात पेत्र त्याच्याजवळ शेकत उभा होता आणि तिथेच त्याने प्रभूला नाकारले होते. तो विस्तव पाहून पेत्राच्या मनात काय आले असेल? प्रभूला त्या क्षणी बोलता आले असते. पण त्याने आधी सर्वांना जेवू घातले. त्या घासात एकही काटा नव्हता.

आम्ही धर्मगुरू घरभेटीला येतो तेव्हा जाणवते, की पुष्कळ घरांत मासळी भरपूर आहे. पण जेवणात काटे राहून जातात. ताटावर बसल्या बसल्या मुलाचे मार्क निघतात, सुनेचे माहेर निघते, भावाने अडवलेली वाट निघते. घास घशात अडकतो आणि हळूहळू एकेक जण आपले ताट घेऊन टीव्हीसमोर किंवा मोबाईलसमोर जातो.

याचा अर्थ कटू सत्य बोलूच नये, असा नाही. न्याहारी झाल्यावर प्रभूने पेत्राला विचारलेच, तेही तीनदा. पेत्राला वाईट वाटले, डोळे भरून आले असतील. पण प्रभूने ‘का नाकारलेस?’ असे विचारले नाही, प्रेमाबद्दल विचारले. आणि त्याच पेत्रावर आपली मेंढरे सोपवली. हिशेब मागितला असता तर पेत्राची मान खालीच राहिली असती.

आणखी एक गोष्ट. विस्तवावर मासळी असतानाही प्रभूने शिष्यांना त्यांचे काही मासे आणायला सांगितले. त्याला कमी पडत होते म्हणून नव्हे. त्या न्याहारीत त्यांचाही वाटा असावा म्हणून. आपल्या घरी मात्र रांधणे आईचे, वाढणे आईचे आणि शेवटी थंड झालेले शेपटाकडचे तुकडेही आईचेच. पुरुषांनी बटाटे सोलले, मुलांनी काटे काढले तर घराचे काय बिघडेल?

तेव्हा येत्या आठवड्यात एक संध्याकाळ ठरवू या. पाय करा, नाहीतर आपले नेहमीचे कालवण करा. सर्वांनी मिळून रांधू या आणि आईलाही सर्वांबरोबर बसवू या. ज्याच्याशी बोलणे बंद आहे, त्याला त्या दिवशी जेवायला बोलावू या. जुना विषय त्या ताटावर नको. बोलायचेच असेल तर जेवण झाल्यावर, प्रेमाने.

किनाऱ्यावर न्याहारी रांधणारा प्रभू आपल्या चुलीपाशी आणि आपल्या ताटापाशी सदैव राहो. आमेन.