नक्कल आणि मीपण

प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात चित्रकाराला सत्यापासून फार दूर नेऊन बसवले. पलंगाचे मूळ रूप हे सत्य, सुताराचा पलंग ही त्याची छाया आणि चित्रातला पलंग छायेचीही छाया. हा हिशेब मानला, तर दुसऱ्याचे चित्र समोर ठेवून तैलरंग शिकणारा विद्यार्थी आणखी एक पायरी खाली घसरतो. मला हा हिशेब चुकलेला वाटतो. चित्राची प्रतिकृती करणारा पलंगाच्या दिसण्यामागे लागलेला नसतो. एका माणसाने घेतलेल्या निर्णयांचा तो माग काढत असतो. आधी काय रंगवले, गडद कुठे केले, काय मुद्दाम सोडून दिले? प्लेटोच्याच दृष्टांतात त्याची जागा सुताराच्या हाताखाली शिकणाऱ्या उमेदवाराशेजारी आहे.

याची मोठी कसोटी महाराष्ट्रातच लागली. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती कॅनव्हासवर तैलरंगात करत होते. सोळाव्या लेण्यातला महालाचा देखावा घ्या. बुद्धाचा सावत्र भाऊ नंद भिक्षू झाल्याचे सांगणारा मुकुट समोर आला आहे, त्याची पत्नी सुंदरी कोसळते आहे, भोवतीच्या स्त्रिया तिला सावरत आहेत. मूळ चित्र मातीच्या गिलाव्यावर, कोरड्या भिंतीवर काढलेले. आधी रेषा, मग रंग, शेवटी पुन्हा रेषा. तैलरंगाची चाल वेगळी. तो सावकाश सुकतो, ओल्यात ओला मिसळतो, कडा विरघळवतो. शिवाय पाश्चात्त्य पद्धतीने घडलेली नजर खोलीत एका बाजूने येणारा उजेड शोधते आणि अजिंठ्यात तसा उजेडच नाही. तिथे अंगाची गोलाई कडांकडे गडद होत जाणाऱ्या रंगातून येते. झुकलेल्या मानेवर सवयीने सावली टाकली की मान जड होते आणि शोकाचे नाटक होते. हे जाणवायला स्वतःची सवय क्षणोक्षणी बाजूला ठेवावी लागते. म्हणूनच या अभ्यासाला मी हस्तकौशल्याच्या पलीकडची, मीपण झिजवणारी साधना मानतो.

अशाने चित्रकाराचे स्वत्व मरते, हा आक्षेप जुना आहे. पेस्तनजी बोमनजी यांचे उदाहरण त्याविरुद्ध जाते. अजिंठ्याच्या कामात ते ग्रिफिथ्स यांचे प्रमुख सहायक होते आणि पुढे त्यांनी पारशी घरांतली माणसे इतक्या आपलेपणाने रंगवली की त्यांत कुणाची नक्कल दिसत नाही. यापेक्षा जड आक्षेप वेगळा आहे. चित्रे नीट दिसावीत, उतरवून घेता यावीत म्हणून त्या काळात मूळ भिंतींवर वार्निश चढवले गेले, आणि त्याने पुढे त्याच चित्रांची हानी केली. प्रतिकृतीच्या नादात मूळच दुखावले, हे सौम्य शब्दांत सांगण्यासारखे नाही. पण दोष कुठे घडला ते पाहावे. पाहण्यात तो नव्हता; चित्र आपल्याला हवे तसे दिसलेच पाहिजे, या हव्यासात होता. तो वाढला तेव्हा नजरेने माघार घेतली होती. शिवाय ज्यांच्यासाठी हे केले, त्या प्रतिकृतींपैकी कितीतरी १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या आगीत जळाल्या.

तरीही कुणी विचारेल की विद्यार्थी नक्कल करतो ती हात तयार व्हावा, नाव व्हावे म्हणून. यात साधना कसली? त्या भिंतीवरचा नंदच इथे साक्षीला घेता येतो. अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ काव्यातला नंद नाइलाजाने भिक्षू होतो, मग अप्सरांच्या लोभाने तप करू लागतो, आणि बुद्धाचा शिष्य आनंद याने त्याला या हेतूची लाज वाटायला लावल्यावर त्याचे तप खरे होते. लोभाने सुरू केलेल्या त्या शिस्तीतच तो पुढचे ऐकण्याजोगा झाला होता. सुंदरीची मान दहाव्यांदा पुसून पुन्हा रंगवणारा विद्यार्थी नावासाठी आला असेल. पण दहाव्या खेपेला त्याच्या डोळ्यांसमोर मानच असते, नाव नसते.