जन्मऋण आणि क्षमा

आईबापांचें ऋण फिटत नाहीं, ही गोष्ट आपल्या समाजांत इतकी सर्वमान्य आहे कीं तिच्याविषयीं शंका काढणेंहि कित्येकांस असभ्यपणाचें वाटेल. ज्यांनीं जन्म दिला, रात्रीचा दिवस करून वाढविलें, त्यांच्यापुढें मान लवविण्यास कोणाहि विचारी माणसाची ना असणार नाहीं, आमचीहि नाहीं. परंतु नीतिशास्त्रांतील तत्त्वें सुखाच्या उदाहरणांवर तपासून भागत नाहीं. जेथें तीं तुटण्याचा संभव असतो तेथेंच तीं ताणून पाहावीं लागतात. ज्या आईबापांनीं मुलांस वाढविलें नाहीं, उलट त्यांची वाढच खुंटविली, त्यांचें ऋण मुलांवर असतें काय? आणि तीं भावंडें पुढें सुटून आपलें आयुष्य नव्यानें उभारूं लागलीं, तर आईबापांस क्षमा करणें हें त्या उभारणीचें आवश्यक अंग मानावें काय? या दोन प्रश्नांचा विचार आम्ही येथें एका प्रत्यक्ष घडलेल्या उदाहरणाच्या आधारें करणार आहों.

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत, रिव्हरसाइड काउंटींत, पेरिस नांवाचें एक लहान शहर आहे. तेथें टर्पिन नांवाचें कुटुंब राहत असे : पति, पत्नी आणि १३ मुलें. बाप शिकलेला एंजिनियर होता. घराची नोंद सरकारदरबारीं खासगी शाळा म्हणून केलेली असल्यामुळें, हीं मुलें शाळेंत कां दिसत नाहींत, असें विचारण्याची कोणावर पाळीच आली नाहीं. १४ जानेवारी २०१८ रोजीं पहांटेच्या अंधारांत १७ वर्षांची एक मुलगी खिडकीवाटे बाहेर पडली आणि सेवा बंद झालेल्या एका जुन्या मोबाइल फोनवरून तिनें पोलिसांस हांक मारली. तिच्याबरोबर निघालेली १३ वर्षांची बहीण भीतीनें मागें फिरली. एकटीच राहिलेल्या या मुलीला आपल्या घराभोंवतालच्या रस्त्यांचीहि माहिती नव्हती.

पोलीस घरांत शिरले तेव्हां २२ वर्षांचा एक मुलगा साखळदंडानें पलंगाला जखडलेला होता. आणखी दोघांच्या साखळ्या नुकत्याच सोडलेल्या होत्या. प्रथमदर्शनीं सारींच मुलें अल्पवयी वाटलीं. चौकशीअंतीं कळलें कीं त्यांतील ७ जण १८ ते २९ वर्षांचे आहेत. २९ वर्षांच्या बहिणीचें वजन ८२ पौंड, म्हणजे सुमारें ३७ किलो भरलें. आंघोळ वर्षांतून फार तर एकदां. हात धुतांना पाणी मनगटाच्या वर गेलें तर तो पाण्याशीं खेळण्याचा अपराध. खाण्याचे गोड पदार्थ विकत आणून मुलांच्या डोळ्यांसमोर मांडावयाचे, पण त्यांस खाऊं द्यावयाचे नाहींत, असाहि प्रकार चाले. एकाच गोष्टीची मुलांस मोकळीक होती, ती रोजनिशी लिहिण्याची. अशा शेंकडों वह्या पुढें पोलिसांच्या हातीं आल्या. २२ फेब्रुवारी २०१९ रोजीं आईबापांनीं छळ, बेकायदा कोंडून ठेवणें इत्यादि १४ गुन्हे कबूल केले आणि १९ एप्रिल रोजीं न्यायालयानें दोघांसहि किमान २५ वर्षें ते आजन्म अशी कारावासाची शिक्षा सांगितली.

आमच्या प्रश्नाशीं खरा संबंध येतो तो त्या शेवटच्या दिवसाचा. शिक्षा सुनावण्यापूर्वीं मुलांचें म्हणणें न्यायालयानें ऐकून घेतलें. एका मुलीनें सांगितलें कीं आईबापांनीं हिरावून घेतलेलें आपलें सगळें आयुष्य ती आतां परत घेत आहे. एका मुलानें सांगितलें कीं त्याचें आईबापांवर प्रेम आहे आणि त्यांनीं केलेल्या पुष्कळशा गोष्टींची त्यानें त्यांस क्षमा केली आहे; तो आतां शिकत आहे, सायकल चालवावयास शिकला आहे, आणि तिच्यावरून खालीं उतरावेंसें त्याला वाटत नाहीं. आणखी एका भावंडाचें म्हणणें वाचून दाखविण्यांत आलें : २५ वर्षें फार होतात, आईबापांनीं त्यांच्या परीनें प्रयत्न केला. एकच घर, एकच उपासमार, त्याच साखळ्या. आणि तरीहि अंत:करणाचे निकाल इतके भिन्न! यांतील कोणाचें बरोबर?

प्रथम ऋणाचा विचार करूं. जन्म देणें हेंच उपकाराचें मूळ, असें सामान्यत: समजतात. परंतु उपकार म्हणजे ज्याच्यावर तो करावयाचा तो मनुष्य आधीं असावा लागतो. जो अजून अस्तित्वांतच नाहीं त्याला अस्तित्वांत आणणें ही कृपा कशी म्हणावी? जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानें १७९७ सालच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथांत हा हिशेब नेमका उलटा मांडला आहे. मूल स्वत:च्या संमतीनें जगांत येत नाहीं. आईबाप त्याला आपल्या इच्छेनें आणतात. म्हणून त्याला आपल्या स्थितींत समाधान वाटेल असें करण्याचें बंधन आईबापांवर पडतें, असा त्याचा आशय आहे. म्हणजे जन्मानें जें खातें उघडतें त्यांत पहिली देणेकरी मंडळी मुलें नसून आईबाप आहेत. पुढें तें देणें त्यांनीं प्रेमानें, आणि देण्याहून शतपटीनें अधिक फेडलें म्हणजे मग मुलांची कृतज्ञता जन्मास येते. ऋण आहे तें संगोपनाचें; नुसत्या जन्माचें नव्हे.

हा पाश्चात्य तर्कटपणा आहे असें कोणी म्हणेल. परंतु मातापित्यांस देव मानावें अशी आज्ञा ज्या तैत्तिरीय उपनिषदांत आहे, तेथेंच गुरु शिष्याला असेंहि बजावतो कीं आमचीं जीं सत्कृत्यें असतील त्यांचेंच तूं अनुसरण कर, इतरांचें नव्हे. वडिलांच्या कृत्यांत बरीं कोणतीं आणि वाईट कोणतीं हें निवडण्याचा अधिकार लहानांस आहे, हें उपनिषत्काराला अमान्य नव्हतें. आज्ञेचा पहिला भाग आम्ही मुलांकडून पाठ करून घेतों आणि दुसरा त्यांच्या कानांवर पडूं देत नाहीं, हा दोष ग्रंथाचा नव्हे.

आतां क्षमेचा प्रश्न. आपल्या परंपरेंत क्षमाशील पुत्राचें उदाहरण म्हणून नचिकेताचें नांव सहज आठवतें. रागाच्या भरांत बापानें त्याला मृत्यूस देऊन टाकलें. आणि यमानें वर देऊं केले तेव्हां त्यानें पहिला वर मागितला तो बापाचा राग शांत व्हावा आणि आपण परत गेल्यावर त्यानें आपणांस ओळखून जवळ घ्यावें, हा. ही कथा सर्वांस प्रिय आहे. पण तिच्या शेजारींच ऐतरेय ब्राह्मणांतील शुन:शेपाची कथा ठेवून पाहावी. अजीगर्त नांवाच्या भुकेल्या ब्राह्मणानें आपला मधला मुलगा यज्ञांत बळी देण्याकरितां शंभर गाईंस विकला. थोरला बापानें सोडला नाहीं, धाकटा आईनें सोडला नाहीं. मधला कोणाचाच नव्हता. पुढें त्याला यूपाला बांधावयास कोणी धजेना, तेव्हां आणखी शंभर गाई घेऊन बापानेंच बांधला. आणि आणखी शंभर घेऊन सुरी परजीत तोच पुढें आला. देवांनीं मुलाचे पाश सोडविल्यावर अजीगर्ताला पश्चात्ताप झाला. त्यानें मुलाला परत बोलाविलें, गाईहि देऊं केल्या. शुन:शेपानें नाकारलें. जें झालें तें सांधतां येण्यासारखें नाहीं, हें त्याचें म्हणणें विश्वामित्रानें उचलून धरलें, आणि त्याला आपला पुत्र केलें.

या दोन मुलांपैकीं चांगला कोण, असा प्रश्न आमच्या प्राचीनांनीं कोठें घातला नाहीं. त्यांनीं नचिकेताला ब्रह्मविद्येचा अधिकारी ठरविलें आणि शुन:शेपाला ऋषींच्या मालिकेंत बसविलें. एकानें क्षमा केली, एकानें केली नाहीं. दोघांचीहि योग्यता कमी झाली नाहीं. मात्र एक गोष्ट दोन्ही कथांत समान आहे. नचिकेता वर मागतो तो बापाच्या सत्तेबाहेर गेल्यावर. शुन:शेप नकार देतो तोहि पाश सुटल्यावर. बांधलेल्या माणसाची क्षमा ही क्षमा नव्हे; ती केवळ भीति असूं शकते. सुटलेल्या माणसाच्या क्षमेला आणि सुटलेल्या माणसाच्या नकारालाच नैतिक मोल आहे.

यावर दोन आक्षेप येण्यासारखे आहेत. पहिला असा कीं द्वेष हा ज्याच्या मनांत राहतो त्यालाच जाळतो. म्हणून मुलांच्या हिताकरितां तरी त्यांस क्षमेचा उपदेश करावा. परंतु क्षमा न करणें म्हणजे द्वेष करणें नव्हे. इंग्लंडांतील बिशप बटलर यानें १७२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रवचनांत हा भेद फार चांगला दाखविला आहे : अन्यायाविषयींची चीड ही मनुष्यस्वभावांत सहेतुक घातलेली आहे आणि ती स्वत: दोषार्ह नाहीं, दोष आहे तो सूडबुद्धींत. शुन:शेपानें बापावर सुरी उगारली नाहीं; तो फक्त परत गेला नाहीं. आईबापांचें वाईट न चिंतितां त्यांच्यापासून दूर राहणें, ही क्षमा आणि सूड यांच्या मधली प्रशस्त जागा आहे, आणि तेथें उभें राहण्याचा हक्क प्रत्येक पीडितास आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. एकाच कृत्याविषयीं एक भाऊ क्षमा म्हणतो, एक बहीण नाहीं म्हणते, आणि दोन्ही बरोबर, तर मग सत्यासत्याला अर्थ काय उरला? आमचें उत्तर असें कीं येथें दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होत आहे. कृत्य वाईट होतें कीं नव्हतें, हा न्यायाचा प्रश्न. त्याचें उत्तर एकच असावें लागतें आणि तें देणें समाजाचें काम आहे. त्या काउंटीच्या न्यायालयानें तें दिलें. क्षमा करणाऱ्या मुलाच्या शब्दांमुळें शिक्षा कमी झाली नाहीं, व होणें योग्यहि नव्हतें. क्षमा हा मात्र ज्याला इजा झाली त्याच्या मनाचा प्रश्न आहे. ती अविभक्त कुटुंबाची मिळकत नव्हे, कीं थोरल्यानें सही केली म्हणजे ती सर्वांस बंधनकारक व्हावी. तेरा जणांच्या जखमा तेरा आहेत. त्यांचा हिशेबहि तेरा जागीं, ज्याचा त्यानें करावयाचा आहे.

मग समाज क्षमेचा एवढा आग्रह कां धरतो? आम्हांस वाटतें कीं त्यांत परोपकारापेक्षां स्वत:ची सोय अधिक असते. मुलांनीं क्षमा केली कीं प्रकरण मिटलें आणि आपण मोकळे झालों! वस्तुत: सुटकेनंतर समाजाचें देणें सुरू होतें. टर्पिन भावंडांकरितां लोकांनीं सुमारें ६ लाख डॉलर पाठविले. पण त्या पैशांतून साध्या गरजांपुरतें मिळविण्यासहि त्यांस अडचणी पडल्या, हें २०२१ सालीं उघडकीस आलें. काउंटीनेंच नेमलेल्या चौकशीच्या जुलै २०२२ मधील अहवालानें मान्य केलें कीं सरकारी यंत्रणा या भावंडांच्या बाबतींत अनेकदां अपुरी पडली, आणि स्वतंत्र राहूं लागलेल्यांपैकीं कांहींस निवारा व अन्न यांचीहि शाश्वति नव्हती. याहून भयंकर म्हणजे धाकट्यांपैकीं कांहींस ज्या कुटुंबाच्या हवालीं केलें तेथेंहि त्यांचा छळ झाला. त्याबद्दल त्या कुटुंबांतील माणसांस २०२४ सालीं शिक्षा झाली. ज्या समाजाकडून हें घडतें त्यानें मुलांस क्षमेचे धडे द्यावे हें शोभत नाहीं. आणि ही दूरदेशची कथा म्हणून आपणहि निश्चिंत होऊं नये. भारत सरकारनें २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या, १३ राज्यांतील १२,४४७ मुलांच्या पाहणींत दर तीन मुलांपैकीं दोघांस शारीरिक मार सोसावा लागतो असें आढळलें. आणि कुटुंबांत मार खाणाऱ्यांपैकीं बहुतेकांस मारणारे हात खुद्द आईबापांचे होते. घरचें घरांत राहावें ही आपली म्हण नव्हे काय?

शेवटीं भावंडांच्या परस्परांविषयींच्या कर्तव्याबद्दल दोन शब्द. अशा घरांतून बाहेर पडलेल्यांस जगांत खरे साक्षीदार कोण, तर एकमेकेंच. तेव्हां एकानें दुसऱ्यावर आपल्या मनाचा निकाल लादणें, हा त्यांच्या नात्याला सर्वांत मोठा धोका होय. जिनें क्षमा केली तिनें न करणाऱ्याला कठोर म्हणूं नये. ज्यानें केली नाहीं त्यानें करणारीला भेकड म्हणूं नये. खिडकीवाटे गेलेली बहीण आणि भीतीनें मागें फिरलेली बहीण, या दोघींस पुढें एकाच ताटावर बसतां आलें पाहिजे. कारण भीति हा बांधणाऱ्याचा अपराध आहे, बांधलेल्याचा नव्हे. आमच्या संतवाङ्मयांत याचें एक गोड उदाहरण आहे. ज्ञानदेवादि चौघां भावंडांचे आईबाप निर्दोष होते. त्यांचा छळ केला तो समाजानें. पण जगाच्या बोलण्यानें दुखावून ज्ञानदेव ताटी लावून आंत बसले, तेव्हां ती उघडण्यास त्यांस विनविलें तें धाकट्या मुक्ताबाईनें. ताटीच्या अभंगांत ती भावाला विनविते. ती ताटी बाहेरून मोडीत नाहीं. भावंडांचें काम एवढेंच, आणि एवढें मोठें, आहे. शुन:शेपालाहि बाप गेल्यावर नवें घर मिळालें. तेथें विश्वामित्राच्या शंभराहून अधिक पुत्रांपैकीं वडील पन्नासांनीं त्याला भाऊ मानण्याचें नाकारलें, पण मधुच्छंदादि इतरांनीं त्याला आपल्यांत घेतलें. आईबाप दैवानें मिळतात. भाऊपण हें पुष्कळदां कृतीनें पत्करावयाचें असतें.

तात्पर्य, छळलेल्या मुलांवर जन्माचें ऋण नाहीं. क्षमा त्यांनीं केली तर तें त्यांचें औदार्य, न केली तर त्यांत न्यून नाहीं. आणि तिचा तगादा लावण्याचा अधिकार आपणां कोणासहि नाहीं. आपल्या वांट्याला येतें तें याहून साधें आणि अवघड काम : त्यांस सुरक्षित छप्पर, पोटभर अन्न, विद्या आणि वेळ देणें, व त्यांच्या घरांतून येणारी हांक वेळींच ऐकणें. तेवढें आपण केलें, तर क्षमेचें काय करावयाचें तें तीं आपल्या सवडीनें ठरवितील.