उजरत आणि गवाही

युगांडा आणि काँगो यांच्या सरहद्दीवर रुवेंझोरी नावाची पर्वतरांग आहे. विषुववृत्ताला लागून असूनही तिच्या माथ्यावर बर्फ आहे. मार्गेरिटा हे तिचे सर्वांत उंच शिखर 5109 मीटर भरते. आफ्रिकेत त्याहून उंच फक्त किलिमांजारो आणि केनिया हे दोन पर्वत. पण ते ज्वालामुखीतून झालेले. रुवेंझोरी तसा नाही. इथे जमिनीचा एक अखंड तुकडाच वर उचलला गेला आहे. वर्षाचे बहुतेक दिवस ही रांग ढगांत दडलेली असते, म्हणून पायथ्याशी राहूनही तिचे बर्फ न दिसणे सहज शक्य आहे.

18 जून 1906 रोजी इटलीच्या राजघराण्यातील ड्यूक ऑफ अब्रुझी याने मार्गेरिटा सर केले, असे पुस्तके सांगतात. या 'सर करणे'वर क्षणभर थांबू. शब्द फारसी, मूळ अर्थ डोके. मराठीत किल्ला सर होतो, उर्दूतही किल्ला सर होतो, आणि दोन्ही भाषांत पुढे शिखरही सर होऊ लागले. म्हणजे आपण डोंगराबद्दल बोलतो तेव्हा लढाईची भाषा बोलतो, आणि लढाईत नाव सरदाराचे होते. प्यादी मोजली जातात, सांगितली जात नाहीत. वर्गात 'शिखर कोणी सर केले?' हा प्रश्न विचारला की उत्तरात एकच नाव अपेक्षित असते. दोन नावे लिहिणाऱ्या मुलाला गुण द्यावेत की कापावेत, हे कोणत्याही मार्गदर्शिकेत दिलेले नाही.

ड्यूक एकटा गेला नव्हता. आल्प्समधले कसलेले वाटाडे बरोबर होते, व्हिट्टोरियो सेल्ला हा नामांकित छायाचित्रकार होता. आणि होते हमाल. बुजोंगोलो येथे, सुमारे 3800 मीटर उंचीवर, एका खडकाच्या कपारीखाली त्यांचा तळ पडला. तिथपर्यंत तंबू, शिधा, छायाचित्रणाचे जड सामान हे सारे माणसांच्या पाठीवरून गेले. वाट कसली, तर चिखल. गुडघ्याएवढ्या दलदलीतून, शेवाळाने लगडलेल्या झाडांखालून, माणसापेक्षा उंच वाढलेल्या लोबेलियांमधून. खालच्या उतारांवर राहणाऱ्या बाकोंझो लोकांना ही वाट पायाखालची होती. ते नसते तर बर्फाच्या कडेपर्यंतही कोणी पोचले नसते. वर गेल्यावर ड्यूकने दोन शिखरांना इटलीच्या आणि इंग्लंडच्या राण्यांची नावे दिली. पर्वतांना स्टॅन्ली, स्पीक, बेकर, एमिन, गेसी अशी नावे मिळाली. सहावा खुद्द ड्यूकच्या नावाने ओळखला जातो.

आता प्रश्न असा : हमालाला त्याची मजुरी मिळाली. मग त्याचे आणखी काही देणे उरते काय?

घाम वाळण्याआधी मजुराची उजरत द्या, ही शिकवण आपल्या घरांतून लहानपणीच कानावर पडते. ती मोठीच आहे, आणि किती ठिकाणी पाळली जाते हा वेगळा विषय. पण तिचा एक सोयीस्कर अर्थ आपण काढून ठेवला आहे. उजरत दिली, हिशेब मिटला. मला वाटते, उजरत ओझ्याची असते. शंभर माणसांच्या पाठीवरून चढून आलेला माणूस खाली उतरून "मी चढलो" एवढेच म्हणतो, तेव्हा तो पैशाच्या व्यवहारात खोटा नसतो. तो गवाहीत खोटा असतो. जे पाहिले ते न सांगणे, गवाही लपवणे, याला आपल्याकडे गुन्हाच मानले आहे. आणि हुकूक-उल-इबादचा नियम आपल्याला ठाऊक आहे : माणसाचा हक बुडाला तर तो ज्याचा बुडाला त्यानेच माफ करायचा असतो. 1906 चा तो हमाल आता कुठे शोधणार?

यावर एक आक्षेप वजनदार आहे. त्या हमालाला शिखर हवे होते का? बाकोंझोंच्या श्रद्धेत वरच्या बर्फात कितासांबा हा देव राहतो. 'न्झुरुरू' म्हणजे बर्फ, आणि तोही त्यांच्या देवांपैकीच एक. जिथे देवाचे घर तिथे जाऊन झेंडा रोवावा, ही कल्पनाच त्यांना सुचली नसेल. तेव्हा जे त्यांनी मागितलेच नाही ते नाकारले म्हणून अन्याय कसा झाला?

आक्षेप खरा आहे, म्हणून तर प्रश्न नीट मांडावा लागतो. शिखराला हमालाचे नाव द्यायला हवे होते, असे माझे म्हणणे नाही. नावाची हौस ज्यांची होती त्यांनाच ती लखलाभ. तक्रार आहे ती त्या नावांमधून जे सुचवले जाते त्याबद्दल : आम्ही येण्यापूर्वी इथे कोणी नव्हते, इथले काही कोणाला माहीत नव्हते. 1888 मध्ये स्टॅन्लीला हे बर्फ दिसले तेव्हा बोट दाखवणारा एक पोरगा होता. डोंगरावर मीठ आहे, असे त्याने सांगितले, हे स्टॅन्लीनेच लिहून ठेवले आहे. या डोंगराच्या दक्षिणेला कात्वेचे खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे, तिथे मीठ निघते; तेव्हा पोराची उपमा हवेतली नव्हती. पण शोध लागला तो स्टॅन्लीला.

स्पीकचे तर आणखी नवल. तो 1864 मध्येच वारला आणि रुवेंझोरीवर त्याचे पाऊल कधी पडले नाही. तरी पर्वत त्याच्या नावाचा. या स्पीकला आफ्रिकेच्या आतल्या भागात नेणारा माणूस होता सिदी मुबारक बॉम्बे. लहान वयात पकडून किल्वाच्या बाजारात विकलेला, तिथून हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याकडे आणलेला, अनेक वर्षे इथे गुलामीत काढलेला. मालक मेल्यावर तो मोकळा झाला आणि झांझिबारला परतला. बॉम्बे हे नाव त्याने आपल्या या भूमीतूनच नेले. स्पीक आणि तो एकमेकांशी बोलत ते हिंदुस्थानीत. आफ्रिकेच्या भूगोलाचा एवढा मोठा भाग आपल्या बोलीत, वाटेवरच्या गप्पांत उलगडला, हे आपल्या उर्दू शाळांतल्या किती मुलांना आपण सांगितले आहे? पुढे बॉम्बे स्टॅन्लीबरोबर लिव्हिंगस्टनच्या शोधात गेला, कॅमेरॉनबरोबर पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत अख्खे खंड पायी तुडवले. लंडनच्या भूगोल संस्थेने त्याला पदक दिले, पेन्शन बांधून दिली. 1885 मध्ये तो गेला. त्याच्या नावाचा पर्वत रुवेंझोरीत नाही.

इथे आपल्यातल्या काहींना उमाळा येईल. अल-इद्रीसीने 1154 मध्येच सिसिलीच्या राजासाठी केलेल्या नकाशात नाईलच्या उगमाशी जबल-उल-कमर, म्हणजे चंद्राचे पर्वत, दाखवले होते; तेव्हा खरे शोधक आपणच. हा युक्तिवाद मला पटत नाही. इद्रीसी तिथे गेला नव्हता. टॉलेमीपासून चालत आलेले ज्ञान त्याने निष्ठेने पुढे नेले, हेच त्याचे मोठेपण आणि ते पुरेसे आहे. युरोपियांनी नाव लाटले म्हणून आपणही लाटावे, याने हमालाच्या पाठीवरचे ओझे हलके होत नाही. आणि एक गोष्ट कडू असली तरी सांगितलीच पाहिजे : मुबारकला पकडणारे आणि विकणारे स्वाहिली आणि अरब होते, आपल्याच कलम्याचे. त्याची कहाणी आपला अभिमान म्हणून सांगायची असेल तर ती तिथपासून सांगावी लागेल, नाहीतर ती अर्धी गवाही होईल.

रुवेंझोरीवर आजही लोक जातात. सात-आठ दिवसांची फेरी असते. चिखलामुळे पायांत गमबूट लागतात, भारी बुटांचा उपयोग फक्त वर बर्फात. सामान हमाल नेतात, वाट वाटाडे दाखवतात, आणि यांतले बहुसंख्य बाकोंझोच आहेत. त्यांच्यातले काही वाटाडे मार्गेरिटाच्या माथ्यावर इतक्यांदा गेले आहेत की ते मोजतही नसतील. देवाच्या घराशी त्यांनी कशी तडजोड केली हे त्यांचे त्यांनी ठरवले. पोट आणि श्रद्धा यांचा मेळ जगात सगळीकडे माणसे आपापल्या परीने घालतात. पण ते घरच आता आटत चालले आहे. 1906 मध्ये या रांगेवर त्रेचाळीस नामांकित हिमनद्या होत्या, क्षेत्र साधारण साडेसात चौरस किलोमीटर. 2005 पर्यंत ते जेमतेम दीड चौरस किलोमीटर उरले. पृथ्वी तापवण्यात ज्यांचा वाटा नगण्य, त्यांच्या दारातले बर्फ आधी जाते आहे. इथेही ओझे कोणी तयार केले आणि ते कोणाच्या पाठीवर आले, हे सांगायला गवाहच लागतो.

जाणाऱ्याने मग काय करावे? न जाण्याचा सल्ला मी देणार नाही. तो त्या हमालांच्या चुलीवर पाणी ओतणारा ठरेल. बक्षिसी जास्त द्यावी, हे ठीकच. पण बक्षीस देणारा खूश होतो आणि विसरतो. परत आल्यावर ज्या वाक्यात तो आपला प्रवास सांगतो, ते वाक्य खरे असावे, इतकी साधी गोष्ट अवघड होऊन बसली आहे. 'मी' ऐवजी 'आम्ही' म्हणायला पैसे पडत नाहीत. आणि 'आम्ही' म्हटल्यावर कोणकोण, हे विचारले जाईल. तेव्हा नावे आठवावी लागतील, म्हणजे ती वाटेत विचारून ठेवलेली असावी लागतील.

त्या फेरीत दुसऱ्या मुक्कामाला, सुमारे साडेतीन हजार मीटरवर, लाकडी झोपडी आहे. तिचे नाव जॉन मात्ते. हा पायथ्याच्या गावातला माणूस, डोंगरावर जाणाऱ्या पथकांसाठी हमालांची जुळवाजुळव करणारा. राण्यांची नावे वर बर्फात आहेत. याचे नाव भिजून आलेल्यांना रात्री कपडे वाळवायला मिळणाऱ्या छपराला आहे.