मंदिर झाडणारीचं नाव

शंका : गेली कित्येक वर्षं शनिवारी संध्याकाळी मी आमचं मंदिर झाडते, प्रभुभोजनाचे पेले धुऊन-पुसून ठेवते. वर्धापनदिनाला कमिटीतल्या सगळ्यांना शाल-श्रीफळ मिळालं, माझं नावसुद्धा कुणी घेतलं नाही. मनाला लागलं. प्रभूसाठी करते म्हणायचं आणि मानाची वाट बघायची, हे पाप तर नाही? सेवा सोडून द्यावी का?
– एक भगिनी

समाधान : ताई, मनाला लागलं म्हणून तुमची सेवा खोटी ठरत नाही. गुप्तपणे केलेलं पाहणाऱ्या पित्याविषयी येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं (मत्तय 6), ते दानधर्म आणि प्रार्थना करणाऱ्याने स्वतःला बजावावं म्हणून. आपल्या मंडळ्यांत मात्र ‘देव बघतोय ना’ हे वाक्य राबणाऱ्याला गप्प बसवायला वापरतात, आणि ते मला मुळीच पटत नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 काढून वाचा. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी कुणाला सहनशीलतेवर उपदेश केला नाही. त्यांनी सात माणसं नेमायला लावली. रोमकरांस पत्राच्या शेवटी पौल नावं घेऊन घेऊन सलाम सांगतो. त्यात पर्सिस नावाची एक बाई आहे. तिने प्रभूमध्ये पुष्कळ श्रम केले, एवढंच तो लिहितो. कसले श्रम, ते नाही. (झाडलोटही असेल. हा माझा तर्क, शास्त्र नव्हे.)

आपल्याकडचंच बघा. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. 1922 मध्ये त्या गेल्या, संपूर्ण बायबल छापून निघालं 1924 मध्ये. त्याचे खिळे जुळवले, पानं छापली ती केडगावच्या मुक्ती मिशनातल्या बायकामुलींनी. मिशनात दुष्काळात उघड्यावर पडलेल्या कितीतरी मुली होत्या. अक्षरओळखही त्यांना तिथेच झाली. भाषांतर रमाबाईंचं म्हणून आपण ओळखतो, ते योग्यच. पण खिळे जुळवणाऱ्या एकीचं तरी नाव आपल्या मंडळीत कुणाला सांगता येईल का?

आता सोडायचं की नाही. रुसून सोडू नका. दमला असाल तर खुशाल सोडा. पुढच्या वर्षीही शाल मिळणार नाही हे आजच कळलं, तरी शनिवारी पाय मंदिराकडे वळतील का, हे स्वतःला विचारा. वळणार नसतील, तर काही महिने किल्ली दुसऱ्या कुणाकडे द्या. देवाचा त्यावर राग नाही. आणि पाळकसाहेबांना भेटून जोडीला तरुण संघातली दोन मुलं मागून घ्या. एकटीने हातात झाडू धरला की तो कायमचा तिचाच होतो, हा आपल्याकडचा रिवाज मोडायला हवा.

शंका : मी शब्बाथशाळेत शिकवतो. वर्गाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले तर स्वर्गातलं प्रतिफळ जातं का?

समाधान : लोकांनी आपल्याला पाहावं म्हणून टाकलेत, तर तेच तुमचं प्रतिफळ, आणि ते मिळून चुकलं. आणखी चार मुलं यावीत म्हणून टाकलेत, तर मत्तय 5:16 तुमच्या बाजूने आहे. मात्र दोन्ही वेळा मुलांच्या आई-वडिलांना आधी विचारा.